गिअरबॉक्सच्या दारातलं रबरी कडं

संपादकांना लेख हवा होता विद्युत गाड्यांच्या जमान्यात जुन्या गॅरेजांचं काय होणार यावर. त्यासाठी मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगराच्या कडेला असलेल्या एका गॅरेजात जाऊ लागले. तिथं एक बरीच वापरलेली छोटी गाडी घोड्यांवर चढवलेली होती, पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा अ‍ॅक्सल जिथून बाहेर पडतो, त्या तोंडाभोवती तेलात मुरलेल्या धुळीचा जाड थर बसला होता. मेस्त्रींनी तो पेचकसानं खरवडला, चिंधी फिरवली, टॉर्च मारला. "बघा ताई, हितनं येतंय." मग वरच्या खिशातून एक काळं कडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ऑइल सील. किंमत शे-दोनशे रुपये, बसवायला अर्धा दिवस. ही तफावत कशी पडते ते समजून घेता घेता संपादकांचा विषय मागे पडला.

मेस्त्रींचं नाव इथं देत नाही. गल्लीत त्यांना सगळे मेस्त्री म्हणूनच ओळखतात. ज्या गावात यंत्रकामात नावाजलेल्या म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं घेतलं जातं, तिथं एवढी ओळख पुरते. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, दोन पोरं आणि भिंतीवर मापानं लावलेले पाने. शेजारी लेथवाला, पलीकडे वेल्डिंगवाला.

हे कडं गिअरबॉक्सच्या तोंडाशी कसं आलं, तो इतिहास थोडक्यात सांगते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या. गिअरबॉक्सपासून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जायचा आणि डिफरन्शियल मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध, वेगळ्या घरात असायचं. तिथंही सील होतीच. मागच्या चाकाजवळचं सील गेलं की तेल ब्रेकच्या लायनरवर उतरायचं आणि ब्रेक लागेनासा व्हायचा, त्यामुळे ड्रायव्हरला बिघाड लगेच कळायचा. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८००ची पहिली चावी गिऱ्हाइकाच्या हातात पडली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोचायला सुरुवात झाली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात आणि तिथून दोन आखूड अ‍ॅक्सल थेट दोन चाकांना. या घाटाची मांडणी फियाटच्या दान्ते जाकोसांनी १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुला गाडीत केली होती आणि १९६९च्या फियाट १२८नं ती जगभर नेली. आपली पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, तीही जाकोसांच्याच देखरेखीखाली तयार झालेली. म्हणजे मेस्त्रींच्या गुरूंनी जाकोसांच्या एका गाडीवर हात बसवला आणि मेस्त्रींनी त्यांच्या दुसऱ्या मांडणीवर.

नव्या मांडणीत एक फरक असा पडला की, गिअरबॉक्सला दोन्ही बाजूंनी भोकं आली. लहान गाडीच्या गिअरबॉक्समध्ये जेमतेम दोन लिटर तेल असतं. त्यावर गिअर, बेअरिंगं, डिफरन्शियल, सगळ्यांचा संसार चालतो. दोन्ही भोकांतून फिरता शाफ्ट बाहेर यायला हवा, पण तेल येता कामा नये. बहुतेक हातगिअरच्या गाड्यांना या तेलासाठी ना डिपस्टिक, ना डॅशबोर्डवर दिवा. इंजिनाचं तेल कमी झालं तर लाल दिवा ओरडतो. गिअरबॉक्सचं तेल कमी झालं तर गिअरबॉक्स स्वतःच ओरडतो आणि तोवर बेअरिंगं गेलेली असतात. म्हणून त्या दोन रबरी कड्यांवर बराच भार आहे.

हे कडं आजच्या रूपात आलं ते चामड्याच्या वाटेनं. जर्मनीतल्या वाइनहाइम गावात १८४९ साली सुरू झालेली फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडं कमावणारी कंपनी. १९२९च्या मंदीत चामड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तिनं यंत्रांसाठी चामड्याची सील करायला घेतली. धातूच्या घरात चामड्याचा ओठ आणि तो शाफ्टवर दाबून धरणारी स्प्रिंग, ही रचना वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावानं ओळखली गेली. १९३०च्या दशकातच चामड्याची जागा तेलाला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबरानं, म्हणजे नायट्राइलनं घेतली. पुढे जास्त उष्णता सोसणारी रबरं आली. ओठ, स्प्रिंग आणि पोलादी घर हा सांगाडा मात्र तोच राहिला.

मेस्त्रींनी एक जुनं सील हॅकसॉनं मधोमध कापून ठेवलं आहे. नवीन पोरगा कामाला लागला की आधी ते त्याच्या हातात देतात. मलाही दिलं. कापलेल्या तोंडावर सगळं उघडं दिसतं. बाहेरून रबरानं मढवलेली पोलादी कडी, ती गिअरबॉक्सच्या घरात घट्ट बसते. आत झुकलेला पातळ ओठ. ओठाच्या पाठीवर खोबणीत बसलेली केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग, जिचं एक निमुळतं टोक दुसऱ्या टोकात फिरवून अडकवलेलं असतं. आणि बाहेरच्या बाजूला आणखी एक छोटा ओठ, धूळ अडवण्यापुरता. "ह्ये बूच न्हाई ताई," मेस्त्री म्हणाले. "पोरं बूच समजत्यात, म्हणून हातोडीनं ठोकत्यात. गिऱ्हाईक बी बूच समजतंय, म्हणून म्हणतंय, जरा घट्ट बसवा की."

बूच नाही, मग काय? ओठाची धार शाफ्टला टेकते ती पट्टी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढीच रुंद असते. ती कोरड्या पोलादावर घासत राहिली तर थोड्याच वेळात जळेल. १९५७ साली इंग्लंडमध्ये ई. टी. जॅगर यांनी दाखवून दिलं की, चालू सीलच्या धारेखाली तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याची जाडी साधारण एका मायक्रॉनच्या घरात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग प्रश्न असा की, धारेखाली तेल आहे तर ते बाहेर का येत नाही? १९७०च्या दशकात जपानमध्ये कावाहारा आणि हिराबायाशी यांनी सील मुद्दाम उलटं बसवून पाहिलं, तर ते तेल जोरानं बाहेर फेकू लागलं. याचा अर्थ सरळ बसवलेलं सील तेवढ्याच जोमानं तेल आत ओढत असणार.

याचं मर्म धारेच्या दोन उतारांत आहे. तेलाकडचा उतार उभा, साधारण ४५ अंशांचा. हवेकडचा बराच सपाट, साधारण २५ अंशांचा. त्यामुळे दाबाचा कळस धारेच्या तेलाकडच्या बाजूला सरकतो. शाफ्ट फिरला की धारेवरचे सूक्ष्म उंचवटे फिरण्याच्या दिशेनं ताणले जातात आणि या असमान दाबामुळे तिरके होतात. बाहेर निघालेलं तेल हे तिरके उंचवटे एखाद्या पंपासारखे परत आत सारतात. पावसात ओसरीवर येणारं पाणी खराट्यानं सतत बाहेर लोटत राहावं, तसं. फरक एवढाच की इथं लोटण्याची दिशा आत आहे आणि हात थांबला तरी चालतं, कारण गाडी उभी असली की धार स्प्रिंगच्या जोरावर नुसती टेकून तेल अडवू शकते.

एक हिशेब मी तिथंच कागदावर मांडला. बारा इंची रिमचं छोटं चाक एका फेऱ्यात साधारण १.६ मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला सव्वासहाशे फेरे. सीलखालचा शाफ्ट ३५ मिलिमीटर व्यासाचा धरला तर एका फेऱ्यात धारेखालून ११ सेंटिमीटर पोलाद सरकतं. गाडी १ लाख किलोमीटर चालली की या ओठाखालून जवळपास ६,९०० किलोमीटर पोलाद गेलेलं असतं, तेही एका मायक्रॉनच्या तेलावर. मेस्त्रींना हा आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला आणि पोराला हाक मारून ऐकवला.

विद्युत गाड्यांचं काय, हेही विचारून घेतलं. मोटरचा वेग चाकाला मानवेल इतका कमी करायला तिथंही गिअर लागतात, गिअरला तेल लागतं आणि तेलाच्या घरातून दोन अ‍ॅक्सल बाहेर पडतात. इंजिन गेलं, क्लच गेला, एक्झॉस्ट गेला, तरी ही दोन भोकं राहिली. मेस्त्रींना ते ठाऊक होतं. "आमचं पोट आता सीलवरच," म्हणून ते हसले.

आता सील बदलायचं काम. आधी तेल भरायचा प्लग उघडून बघायचा, मगच खालचा काढायचा. पोरं उलटं करतात. तेल सगळं खाली जातं आणि मग कळतं की वरचा प्लग आट्यात गंजून जाम झालाय आणि डोकं गोल झालंय. गाडी हलवता येत नाही, तेल भरता येत नाही. प्लग उघडतोय याची खात्री झाली की खाली भांडं लावून जुनं तेल काढायचं आणि ते बोटांत चोळून बघायचं. चकाकी दिसली तर पितळ किंवा पोलाद झिजतंय, म्हणजे प्रश्न सीलच्या पुढचा आहे.

मग खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवायचा. बोल्ट निघाला तरी जॉइंट गंजानं धरून बसतो. मेस्त्री त्यावर घण घालत नाहीत, ज्या भागात तो बसलाय त्याच्या कानावर बाजूनं दोन फटके देतात आणि आर्म पहारीनं खाली दाबतात. खण्ण करून सुटतो. आता हब, चाकाच्या बेअरिंगसकट, बाहेरच्या बाजूला वळवता येतो. हबचा मोठा नट ते शक्यतो काढत नाहीत. तो चेपून बसवलेला असतो, सोडला तर नवा घालावा लागतो आणि परत कसताना पुरा जोर लागतो. अ‍ॅक्सल हबमध्येच ठेवून फक्त आतलं टोक गिअरबॉक्समधून काढलं की काम भागतं.

ते टोक बाहेर काढताना जुन्या मेस्त्रीचा आणि शिकाऊ पोराचा फरक कळतो. टोकाला एक बारीक सर्क्लिप असते, ती डिफरन्शियलमध्ये अडकलेली असते. पोरगं अ‍ॅक्सलचा दांडा धरून ओढतं. दांडा येतो, पण आतला जॉइंट बूटच्या आत सुटतो आणि तीन रोलर ग्रीसमध्ये विखुरतात. मेस्त्री दांड्याला हात लावत नाहीत. जॉइंटची जाड वाटी आणि गिअरबॉक्सचं घर यांच्या मध्ये पहार घालून एकच झटका देतात. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही अ‍ॅक्सल एकदम काढले तर आतले गिअर जागचे हलतात आणि परत अ‍ॅक्सल बसेनासा होतो, म्हणून एका वेळी एकच बाजू.

जुनं सील आकड्यानं उचकटायचं. आकडा सीलच्या पोलादात रुतला पाहिजे, गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियमला टेकता कामा नये. त्या घरावर आडवा ओरखडा गेला तर तेल ओठाखालून न येता सीलच्या बाहेरच्या अंगानं येतं आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, नवं सील पण गळतंय. घर पुसून, बोट फिरवून, नव्या सीलच्या ओठाला गिअरचंच तेल लावून, धुळीच्या ओठामागे थोडं ग्रीस भरून सील तोंडाशी ठेवायचं. त्याच्या कडेवर नेमका बसेल असा मोठा गोटी पाना किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी घेऊन ते सगळीकडून सारखं आत न्यायचं. तिरकं गेलं तर शाफ्टच्या एका बाजूला ओठ जास्त दाबला जातो, दुसरीकडे कमी. हातोडीचा ठोका जोरात पडला तर पाठीवरची स्प्रिंग खोबणीतून उडते आणि ते बाहेरून दिसतही नाही. शेवटी अ‍ॅक्सल घालताना त्याच्या दात्यांच्या धारदार कडा ओठावरून जातात. मेस्त्री दात्यांवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, ओठ पार झाला की ती ओढून घेतात, मग अ‍ॅक्सल आत ढकलतात. सर्क्लिप बसल्याचा 'टक्' आवाज येईपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत.

इथंवर सगळं नीट झालं तरी सील गळू शकतं. मेस्त्रींच्या कामातला मोठा वाटा इथून पुढे सुरू होतो.

पहिली अडचण शाफ्टची. ओठ रबराचा आणि शाफ्ट पोलादाचा, तरी वर्षानुवर्षांच्या धुळीनं झिजतो तो शाफ्टही, कारण रबरात रुतलेले कण सहाणेचं काम करतात. ओठ जिथं टेकतो तिथं एक चकचकीत रेघ पडते. नखाला लागली नाही तर चालतं. नख अडकलं तर नव्या सीलचा ओठ त्या खाचेत नीट टेकत नाही. अशा वेळी सील घरात मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवून ओठ ताज्या पोलादावर आणता येतो, पण घराची रचना तशी मुभा देत असेल तरच. नाहीतर शेजारच्या लेथवाल्याकडे पातळ स्लीव्ह चढवून घ्यायची किंवा अ‍ॅक्सल बदलायचा. बरेच जण एमरी पेपर घेऊन ती जागा चमकवतात. पेपर दांड्याच्या लांबीनं तिरका फिरला की पोलादावर अतिसूक्ष्म आटे पडतात आणि फिरता शाफ्ट त्या आट्यांनी तेल बाहेर नेऊ लागतो. म्हणून कारखान्यात ही जागा घासताना दगड पुढे-मागे न सरकवता सरळ आत दाबतात. मेस्त्रींनी पंपाची ही सगळी मीमांसा कधी वाचलेली नाही. पण पेपर मारायचाच तर गोल, एका जागी, आडवा, हे ते पोराला दर वेळी सांगतात.

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. काही सीलांच्या ओठावर हवेकडच्या बाजूला तिरप्या बारीक रेघा असतात, पंपाला जोर देण्यासाठी. त्या एकाच दिशेनं काम करतात. गाडी पुढे जाताना, बाहेरून पाहिलं तर उजवं चाक घड्याळाच्या दिशेनं फिरतं आणि डावं उलट. त्यामुळे दोन्ही बाजूंची सील वेगळी आणि प्रत्येकावर बाण. मापं मात्र तीच. दुकानदार माप बघून देतो, बाण बघत नाही. उलट बाणाचं सील गाडी मागे घेताना उत्तम चालतं.

तिसरी अडचण हवेची. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ती जायला वर एक बारीक ब्रीदर असतो. चिखलानं तो बुजला की फुगलेली हवा सीलच्या ओठावर रेटा देते आणि हे सील दाब सोसायला केलेलंच नसतं. ओठ शाफ्टवर जास्त दाबला जातो, तेलाचा पापुद्रा तुटतो, रबर करपतं. वर्षभरात दोनदा सील बदललेल्या गाडीत मेस्त्री आधी ब्रीदरला तार घालून बघतात.

चौथी बेअरिंगची. डिफरन्शियलचं बेअरिंग ढिलं झालं की अ‍ॅक्सल वर-खाली डुलतो. ओठ थोडं डुलणं सहन करतो, जास्त झालं की मागे पडतो आणि एका बाजूनं फट उघडते. अशा गाडीत कितीही चांगलं सील घाला, काही महिन्यांत परत तेच. गिऱ्हाइकाला गिअरबॉक्स उघडायचा खर्च सांगितला की तो म्हणतो, "सध्या सीलच घाला." मेस्त्री घालतात. घालताना बिलावर लिहून देतात की बेअरिंगमध्ये प्ले आहे.

आणि पाचवी, मालाची. सारख्या दिसणाऱ्या डब्यांतली नकली सील बाजारात आहेत. रबर लवकर कडक होतं, स्प्रिंग सैल असते. रंगावरून रबर ओळखता येत नाही. मेस्त्री ओठ चिमटीत वाकवून बघतात, स्प्रिंग खोबणीतून काढून तिचा जोड बघतात आणि तरीही म्हणतात, "खरं तर ह्ये गाडी परत येईस्तोवर कळत न्हाई."

या पाचांपैकी पहिल्या चार अडचणींत सील स्वतः दोषी नसतं. पण बिलावर नाव त्याचंच येतं आणि तेवढ्याच किमतीवर गिऱ्हाईक हुज्जत घालतं. दीडशे रुपयांच्या कड्याला हजाराच्या वर मजुरी कशाची, हा प्रश्न मेस्त्रींना रोज ऐकावा लागतो. त्याहून मोठी काळजी पोरांची आहे. मोठ्या वर्कशॉपात अडचण आली की अख्खा भाग बदलतात, तिथं नख फिरवून खाच बघायची गरज पडत नाही. मेस्त्रींकडचा मोठा पोरगा तिकडे जायच्या विचारात आहे. पगार जास्त, काम स्वच्छ. मेस्त्री त्याला अडवत नाहीत. फक्त म्हणतात, जायच्या आधी दोन्ही बाजूंची सील एकट्यानं बदलून दाखव, तेल सपाट जमिनीवर भोकाच्या काठापर्यंत भर आणि महिन्यानं गाडी परत बघ.

मी विचारलं, गिऱ्हाइकानं काय विचारावं? ते म्हणाले, तीन गोष्टी. ब्रीदर बघितला का, शाफ्टवर नख अडकतंय का, आणि तेल किती घातलं. असं विचारणारं गिऱ्हाईक आलं तर मजुरी कमी करणार का, असं मी पुढे विचारलं.

"कमी? वाढवून सांगीन," मेस्त्री म्हणाले. "त्याला तरी कळंल, पैसे कशाचं घेतोय त्ये."